ड्रॉवर रिकामा, तरी निळा दिवा लुकलुकतोय: लिटर-रोबॉट ३ च्या खोट्या इशाऱ्यांचं मूळ कसं शोधायचं

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. अमेरिकेतून आणलेला लिटर-रोबॉट ३, म्हणजे मांजराची आपोआप साफ होणारी शौचपेटी, आहे. मांजर बाहेर आलं की तिचा ड्रम एक फेरी फिरतो आणि ढेकळं खालच्या ड्रॉवरमध्ये टाकतो. घरात साडेतीन किलोची मांजरी आणि पाच किलोचा बोका आहे. ड्रॉवर रिकामा करून नवी पिशवी लावली तरी दोन-तीन फेऱ्यांत निळा दिवा लुकलुकायला लागतो. शिवाय आठवड्यातून एक-दोनदा आत कुणी नसताना लाल दिवा लागून राहतो आणि ड्रम फिरतच नाही. पाऊस सुरू झाल्यापासून दोन्ही वाढलंय, म्हणून मेन बोर्ड, म्हणजे यंत्राचं मुख्य सर्किट, मागवायचा का?

बोर्ड आत्ता मागवू नका. ही दोन वेगळी दुखणी आहेत. ड्रॉवर भरल्याचा निळा इशारा प्रकाशावर चालतो, मांजर आत असल्याचा लाल इशारा वजनावर. दोघांना जोडणारी एकच गोष्ट आहे, अडॅप्टर. त्याचं शेवटी सांगतो.

पण आधी एक खात्री करून घ्या, आणि ती आजच करा. लाल दिवा खरंच कुणी आत नसताना लागतोय का? बोका वारंवार पेटीत जात असेल, बसून जोर करत असेल आणि मागे ओलं ढेकूळ पडत नसेल, तर इशारा खोटा नाही. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. तो तुंबला तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. अशा वेळी यंत्र उघडत बसू नका, थेट पशुवैद्याकडे जा. पेटीसमोर एक रात्र जुना फोन लावून रेकॉर्डिंग केलं तरी शंका मिटेल.

आता निळा दिवा. ड्रॉवरच्या वरच्या भागात एका बाजूला इन्फ्रारेड एलईडी असतो, दुसऱ्या बाजूला तो प्रकाश टिपणारा रिसीव्हर. कचऱ्याचा ढीग वर आला की प्रकाश अडतो आणि यंत्र समजतं, ड्रॉवर भरला. प्रकाश कशाने अडला हे त्याला कळत नाही. ढीग, फुगलेली पिशवी, सेन्सरवरच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या ‘काचे’वरचा धुळीचा थर, कोळ्याचं जाळं, त्याच्या लेखी सगळं सारखंच. म्हणून बदलण्याआधी शोधायचं ते हे, की प्रकाशाच्या वाटेत नेमकं काय आलंय.

सगळ्यात जास्त वेळा दोषी निघते ती पिशवी. या ड्रॉवरला साधारण ३८ ते ४९ लिटरची पिशवी लागते. आपल्याकडच्या दुकानात २४ × ३२ इंचाची ‘लार्ज’ मागितली की ती बसते. अडचण मापाची नसून हवेची असते. ड्रॉवर आत ढकलताना पिशवीखाली हवा अडकते, पातळ प्लॅस्टिक फुगून वर येतं आणि एक घडी बरोबर सेन्सरसमोर उभी राहते. पिशवी घातल्यावर तळहाताने चारही कोपऱ्यांत दाबून हवा काढा, कडा बाहेरून खाली घट्ट ओढून बसवा आणि मग ड्रॉवर सावकाश सरकवा, झटक्याने नको.

पावसाळ्यात वाढण्याचं कारण लिटरमध्ये, म्हणजे पेटीत भरायच्या मातीत, आहे. गोळे बांधणारं लिटर म्हणजे बेंटोनाइट माती. ती पाणी शोषून फुगते, तोच तिचा गुण. तिची बारीक धूळ ड्रम फिरताना दरवेळी उडते आणि सेन्सरच्या काचेवर बसते. कोरड्या हवेत ती सैल राहते, बरीचशी झडून जाते. दमट हवेत तीच धूळ ओल पकडते आणि काचेवर दुधी पापुद्रा धरते. त्यात मूत्राचा एखादा शिंतोडा वाळला की तो पापुद्रा घट्टच बसतो.

साफ करताना क्रम महत्त्वाचा आहे. ‘एम्प्टी’ दाबून सगळं लिटर ड्रॉवरमध्ये पडू द्या, मग यंत्र बंद करून प्लग काढा. ड्रॉवर बाहेर काढा, वरचं झाकण काढा, ड्रम उचलून बाजूला ठेवा. आता मोबाइलचा टॉर्च तिरका धरून कचरा पडायच्या भोकाच्या कडेने आत बघा. बोटाच्या टोकाएवढ्या पारदर्शक खिडक्या दिसतील. समोरून प्रकाश टाकलात तर त्या स्वच्छच वाटतात. तिरक्या प्रकाशात मात्र, चष्म्यावर पिठाचा हात लागावा तसा थर दिसतो.

आधी कोरडं पुसायचं. ओला बोळा थेट फिरवला तर मातीचा चिखल होतो आणि तो कोपऱ्यात जाऊन वाळतो. अर्धा इंची मऊ, कोरा रंगकामाचा ब्रश घ्या आणि धूळ खाली झाडा. मग कपभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकून त्यात इयरबड बुडवा, पिळून घ्या आणि काचेवर घासू नका, नुसता फिरवा. प्रत्येक खिडकीला नवा इयरबड. नंतर साध्या पाण्याचा एक, शेवटी चष्मा पुसायचं कोरडं कापड. पंख्याखाली अर्धा तास वाळू द्या. हेअर ड्रायर वापरायचाच तर थंड हवेवर.

तीन गोष्टी इथे अजिबात वापरू नका. स्पिरिट किंवा सॅनिटायझर नको, कारण अल्कोहोलने काही पारदर्शक प्लॅस्टिकवर बारीक तडे जातात आणि काच कायमची धुरकट होते. म्हणजे आज तात्पुरता असलेला खोटा इशारा उद्यापासून कायमचा. ब्लीच नको, कारण मूत्रातल्या अमोनियाशी मिसळून त्यातून विषारी वायू निघतो. आणि फिनाईल तर मांजराच्या घरात कुठेच नको. फिनॉल पचवून बाहेर टाकायची क्षमता मांजराच्या यकृतात फार कमी असते, आणि पंजाला लागलेलं सगळं ते चाटतं. वाळलेल्या मूत्राचे डाग काढायला साधं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात पुरतं, तेही काचांपासून लांब, मागून साध्या पाण्याने पुसून.

एक गोष्ट आपल्याकडची म्हणून मुद्दाम सांगतो. आतल्या उबेला झुरळं आणि कोळी येतात. प्रकाशाच्या वाटेत आलेला जाळ्याचा एक धागा पुरेसा नसतो, पण त्यावर लिटरची धूळ बसली की तो दोरीसारखा जाड होतो. साफ करताना कोपरे बघा, आणि झुरळांसाठी तिथे स्प्रे मारू नका.

साफसफाई झाली की चाचणी घ्या, अंदाज बांधू नका. पहिल्यांदा रिकामा ड्रॉवर, पिशवीशिवाय, लिटरशिवाय. ‘सायकल’ दाबून तीन फेऱ्या करा. निळा दिवा स्थिर राहिला तर सेन्सर ठीक आहे. मग पिशवी लावून तीन फेऱ्या. इथे लुकलुकला तर दोष पिशवीचा. मग लिटर भरून तीन. तिसऱ्या टप्प्यात लुकलुकला तर बहुधा लिटर जास्त झालंय. या पेटीत साधारण साडेतीन ते साडेचार किलो लिटर पुरतं, आतल्या अस्तरावरच्या रेषेपर्यंतच. वर भरलेलं चांगलं लिटर दर फेरीला ड्रॉवरमध्ये सांडतं आणि भोकाखाली उभा शंकू करतं. ड्रॉवरचे कोपरे रिकामे आणि मध्ये मात्र ढीग सेन्सरपर्यंत, असं झालं की तो इशारा खोटा म्हणता येत नाही. ड्रॉवर हलवून ढीग सपाट करा.

शेवटी, ड्रॉवरमध्ये पुठ्ठा उभा करून प्रकाश मुद्दाम अडवा आणि एक-दोन फेऱ्या चालवा. आता दिवा लुकलुकलाच पाहिजे. ही उलटी चाचणी लोक विसरतात. कधीच इशारा न देणारा सेन्सर दुरुस्त झालेला नसतो, तो आंधळा झालेला असतो, आणि मग ओसंडलेला ड्रॉवर तुम्हाला वासावरून कळतो.

पहिल्या टप्प्यातच, म्हणजे पिशवीशिवाय, दिवा लुकलुकत राहिला तर एलईडी जिवंत आहे का बघा. टीव्हीचा रिमोट फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. स्क्रीनवर जांभळट ठिपका दिसला तर तो कॅमेरा इन्फ्रारेड पाहू शकतो. मग अंधारात तोच कॅमेरा सेन्सरकडे रोखून फेरी चालवा, फक्त हात आणि फोन फिरत्या भागापासून दूर ठेवा. एलईडी सतत पेटलेला असेलच असं नाही, म्हणून फेरी सुरू होण्यापासून संपेपर्यंत रेकॉर्डिंग करून नंतर सावकाश बघा. एकदाही ठिपका दिसला नाही तर प्लग काढून सेन्सरच्या वायरचा कनेक्टर तपासा. प्लॅस्टिकचा भाग धरून सोडवायचा, वायर ओढायची नाही. पिनांवर हिरवट बुरशीसारखं काही असेल तर तो तांब्याचा गंज आहे. धातूच्या पिनांवर मात्र आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. पुसा, पूर्ण वाळू द्या, कनेक्टर ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत बसवा. एवढ्यावर जमलं नाही तर ड्रॉवर सेन्सरचा संच वेगळा मिळतो, तेवढाच घ्या. मेन बोर्ड नाही.

पेटी खिडकीपाशी असेल तर एक आणखी बघा. थेट उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतो, रिसीव्हर त्याने दिपतो. ठरावीक वेळीच, सकाळी आठ-नऊला किंवा संध्याकाळी, त्रास होत असेल तर पेटी फिरवून ठेवा.

लाल दिव्याकडे येतो. इथे काच वगैरे काही नाही. पेटीच्या तळाशी वजन ओळखणारा सेन्सर आहे, आणि ‘रिकाम्या पेटीचं वजन’ म्हणून यंत्राने जे लक्षात ठेवलंय त्यापेक्षा भार वाढला की लाल दिवा लागतो. म्हणजे तो नुसतं वजन मोजत नाही, फरक मोजतो. तुम्ही तीन किलो लिटर ओतलंत आणि ‘रीसेट’ दाबलं नाहीत, तर यंत्राच्या मते तीन किलोचं कुणीतरी आत बसलंय. म्हणून लिटर भरल्यावर आणि ड्रॉवर रिकामा केल्यावर, मांजर जवळ नसताना, दरवेळी ‘रीसेट’.

दुसरं कारण जमीन. पेटी गालिच्यावर, रबरी मॅटवर किंवा पायपुसण्याच्या अर्ध्या कडेवर असेल तर भार पायांवर सारखा येत नाही. मांजर बाहेर आल्यावर मॅट सावकाश वर येते आणि सेन्सरवरचा दाब लगेच उतरत नाही. अॅडॅप्टरची वायर पायाखाली गेलेली असणं हाही नेहमीचा प्रकार. पेटी उचलून थेट फरशीवर ठेवा, भिंतीपासून चारही बाजूंनी पाचेक सेंटिमीटर लांब. पेटी भिंतीला टेकली की थोडा भार भिंत घेते आणि आकडा चुकतो. जुन्या फरशा वर-खाली असतात, तेव्हा पेटीच्या विरुद्ध कोपऱ्यांवर आळीपाळीने दाबून बघा. डगमगली तर जागा बदला, पायाखाली कागदाची घडी घालू नका. ओल लागली की ती घडी दबते आणि पुन्हा तेच.

चाचणी पाण्याच्या बाटल्यांनी. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दोन लिटरच्या दोन भरलेल्या बाटल्या अलगद आत ठेवा, लाल दिवा लागला पाहिजे. काढल्यावर तो लुकलुकायला लागेल आणि ठरवलेल्या वेळाने, मूळ सेटिंगवर ७ मिनिटांनी, फेरी सुरू होईल. मग अर्धा लिटर कमी करून पुन्हा. हा सेन्सर साधारण २.३ किलोपासूनच्या मांजरासाठी आहे, तेव्हा तुमची मांजरी त्यात बसते, पण फार मोकळी जागा नाही. साडेतीन किलोला कधी लागतो, कधी नाही, असं दिसलं तर सेन्सर बदलेपर्यंत पेटी आपोआप चालू ठेवू नका. बंद ठेवा, आणि मांजरं खोलीबाहेर असताना स्वतः उभं राहून फेरी चालवा. खोट्या लाल दिव्यापेक्षा न लागलेला लाल दिवा जास्त धोक्याचा आहे.

पुढेमागे पिवळा दिवा लुकलुकू लागला तर कचऱ्याच्या भोकाजवळ, मागच्या बाजूच्या धातूच्या संपर्क पट्ट्या बघा. काही अडकलं तर ड्रम थांबवण्याचं काम त्यांचं. मूत्राचे क्षार साचून त्या गंजतात आणि काही अडकलेलं नसताना यंत्र थांबतं. पेन्सिलच्या खोडरबराने हलक्या हाताने घासून पुसल्या की बहुतेक वेळा काम होतं. या पट्ट्या वायर जोडून किंवा फॉइल लावून ‘बायपास’ करायचे सल्ले मिळतात. ते कधीही करू नका. मांजराची मान आणि फिरता ड्रम यांच्यामधलं हे महत्त्वाचं संरक्षण आहे.

आणि अडॅप्टर. अमेरिकेतून आणलेल्या पेटीचा अडॅप्टर आपल्या २३० व्होल्टला चालतो का, ते त्याच्या लेबलवर वाचा. ‘इनपुट १००-२४०’ लिहिलेलं असेल तर ठीक. फक्त १२० असेल आणि स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर चालवत असाल, तर तुमच्या दोन्ही तक्रारींचा एक धागा तिथे असू शकतो. मल्टिमीटरने आउटपुट मोजा, एकदा पेटी स्थिर असताना आणि एकदा ड्रम फिरताना. १५ व्होल्टच्या आसपास टिकला पाहिजे. फिरताना एक-दीड व्होल्टने घसरत असेल तर तेवढ्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा नवा अडॅप्टर घ्या, पिनची ध्रुवता (मधली पिन प्लस की मायनस) जुळवून.

हे सगळं करताना हातमोजे घाला आणि नंतर साबणाने हात धुवा. घरात कुणी गरोदर असेल तर हे काम त्यांच्याकडे नको. मांजराच्या विष्ठेतले टोक्सोप्लाझ्मा या, गर्भाला घातक ठरू शकणाऱ्या, परजीवीचे जंतू साधारण एक ते पाच दिवसांत संसर्गक्षम होतात, आणि भरलेल्या ड्रॉवरमध्ये तेवढे दिवस सहज जातात.

पिशवी आणि काचांपासून सुरुवात करा. मग एक आठवडा दिवा कधी लागला, त्या वेळी पिशवी नवी होती की जुनी, पेटीवर ऊन होतं का, नुकतंच लिटर भरलं होतं का, एवढं लिहून ठेवा. त्यानंतरही पिशवीशिवायच्या तीन फेऱ्यांत निळा दिवा लुकलुकत असेल, तर ड्रॉवर सेन्सरच्या कनेक्टरचे आणि अडॅप्टरच्या लेबलचे फोटो इथेच टाका, पुढचं त्यावरून बघू.