आईच्या लसिकाग्रंथी का काढल्या नाहीत?

प्रश्न : आईला (वय 58) अंडाशयाचा कर्करोग आहे, तिसरी स्टेज. तीन आठवड्यांपूर्वी ऑपरेशन झालं, केमो आता सुरू होईल. डॉक्टर म्हणाले, "डोळ्यांना दिसणारं सगळं काढलंय." पण डिस्चार्ज कार्डावर 'लसिकाग्रंथी काढल्या नाहीत' असं लिहिलंय. ओळखीतल्या एका काकूंच्या ग्रंथी 2012 साली पूर्ण काढल्या होत्या. आईचं ऑपरेशन अर्धवट राहिलं का? पुन्हा पोट उघडावं लागेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : 'दिसणारं सगळं काढलंय' हे वाक्य जपून ठेवा. या आजारात पुढचं बरंचसं त्यावरच अवलंबून असतं.

काकूंच्या डॉक्टरांचंही चुकलं नव्हतं. लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) म्हणजे शरीरभर असलेल्या छोट्या गाठी; कर्करोग त्यांच्यात पसरू शकतो, म्हणून तेव्हा आम्ही बरेच जण त्या काढत होतो. महारोहिणीला, म्हणजे पोटातल्या मुख्य धमनीला, आणि तिच्या शेजारच्या मोठ्या शिरेला चिकटलेली चरबी, आतल्या ग्रंथींसकट, पार मूत्रपिंडाच्या शिरेपर्यंत सोलत जायचं. फार नाजूक काम.

2019 साली जर्मन सर्जनांच्या पुढाकाराने झालेल्या 'लायन' चाचणीचे निष्कर्ष आले. 647 स्त्रिया, सगळ्यांचा दिसणारा आजार पूर्ण काढलेला आणि ग्रंथी ऑपरेशनच्या आधी व ऑपरेशनच्या वेळीही नेहमीसारख्याच. निम्म्या जणींच्या ग्रंथी काढल्या, बाकीच्यांच्या तशाच ठेवल्या. आयुष्य काही वाढलं नाही. उलट ग्रंथी काढलेल्यांपैकी 12.4 टक्के जणींचं पोट पुन्हा उघडावं लागलं, इतरांत हे प्रमाण 6.5 टक्के होतं. पहिल्या 60 दिवसांतले मृत्यूही 0.9 टक्क्यावरून 3.1 टक्क्यांवर गेले. काढलेल्या ग्रंथी तपासल्यावर निम्म्याहून जास्त जणींत कर्करोगाच्या पेशी सापडल्या होत्या, तरीही फायदा दिसला नाही! हे वाचल्यावर माझ्या मनातली उरलीसुरली शंका गेली.

सुजलेली, टणक ग्रंथी मात्र काढतातच. आणि आजार अंडाशयापुरताच वाटत असेल, तर तो खरंच तेवढाच आहे ना, हे ठरवायला ग्रंथी तपासाव्या लागतात. आईचं तसं नाही.

डॉक्टरांना एवढंच विचारा : सीटी स्कॅनमध्ये ग्रंथी मोठ्या दिसल्या होत्या का? ऑपरेशनच्या वेळी हाताला लागल्या का? दोन्हीचं उत्तर 'नाही' असेल, तर ग्रंथींसाठी पुन्हा ऑपरेशन नको. केमो वेळेवर सुरू होऊ द्या. बीआरसीए जनुकाची (त्यातला दोष घराण्यात पुढे जाऊन हा कर्करोग होऊ शकतो) तपासणी झाली नसेल तर तीही करून घ्या. आईच्या पुढच्या औषधांसाठी आणि तुम्हा भावंडांसाठीही ती गरजेची आहे.