जुन्या व्हिडिओ गेम मशीनचं झिजलेलं कंट्रोल पॅनल पुन्हा नीट कसं करायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: बंद झालेल्या पार्लरमधून दोन खेळाडूंचं मशीन घेतलंय, स्टिकभोवतीचं स्टिकर गोल खरवडलं गेलंय, तळहात टेकतो तिथे पत्रा उघडा पडलाय, स्टिकच्या टोकाचे लाल गोळे पांढुरके झालेत. सोबत फोटोही टाकलेत. नवीन स्टिकर छापून वरून चिकटवलं तर भागेल का?

भागेल, पण फार दिवस नाही. फोटोत दिसतेय त्यातली निम्मी झीज हातांनी झालेलीच नाही, ती आतल्या सुट्या भागांनी केलेली आहे. ते भाग तसेच ठेवून वर कितीही महागाचं स्टिकर लावा, तेही त्याच जागी खरवडणार. स्टिकर हे या कामातलं शेवटचं काम.

स्टिकभोवतीचं ते वर्तुळ बघा. तिथे खेळताना कुणाचं बोट जात नाही. दांडीवर भोक झाकणारा एक पातळ प्लास्टिकचा वॉशर असतो, धूळ आत जाऊ नये म्हणून. दांडी हलली की तोही पॅनलवर सरकतो. वॉशर गुळगुळीत असेल तर वर्षानुवर्षं काही बिघडत नाही. पण त्याची कड चिरली, किंवा खाली धूळ आणि हाताचा चिकटा साचला, की तोच पॉलिश पेपर होऊन बसतो. डावीकडच्या खेळाडूचं वर्तुळ सगळीकडून सारखं आहे, म्हणजे तिथे दोष फक्त वॉशरचा. उजवीकडचं मात्र एका बाजूला लांबट झालंय आणि पत्र्याच्या भोकाची कड तिथेच चमकतेय. तिथे दांडी थेट पत्र्यावर आपटतेय. आतलं पिव्हट, म्हणजे दांडी ज्यावर झुलते तो भाग, झिजलं असेल, नाहीतर स्क्रू ढिले होऊन अख्खी स्टिकच सरकली असेल.

ही लांबट झीज उजव्या अंगालाच का, तर या मशीनवर बहुतेक वेळ मुस्तफा चालला असणार. म्हणजे कॅपकॉम कंपनीचा १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स हा खेळ. त्यात सगळा प्रवास डावीकडून उजवीकडे, त्यामुळे स्टिकला सगळा रेटा उजवीकडेच. बटणंही तेच सांगतात: मारायच्या बटणाच्या डोक्याला खळगा पडलाय, उडी मारायचं बटण जरा बरं आहे, आणि स्टार्टचं बटण जवळजवळ नवं.

पॅनल उघडण्याआधी मशीनचा प्लग भिंतीतून काढा, नुसता स्विच बंद करून थांबू नका. आत जुनी पिक्चर ट्यूब आहे, तिच्या मागच्या रबरी टोपीच्या आसपास हात नेऊ नका. प्लग काढल्यावरही तिथे जोरदार झटका बसण्याइतका चार्ज राहू शकतो. आपलं काम तसंही पुढच्या बाजूला आहे. वायरिंग घाबरण्यासारखं नसतं. बटणाखाली जो छोटा स्विच असतो तो मायक्रोस्विच, त्या प्रत्येकाला दोन वायर येतात. एक कॉमन अर्थ (ग्राउंड), जी एका स्विचवरून पुढच्यावर अशी सगळीकडे फिरलेली असते, आणि दुसरी त्या बटणाची स्वतःची. तिसरा पाय रिकामा दिसला तर तो तसाच ठेवायचा असतो. मोबाइलवर फोटो काढा आणि प्रत्येक वायरला मास्किंग टेपचा तुकडा गुंडाळून त्यावर नाव लिहा. नंतर एकाच रंगाच्या वायरी हातात आल्या की या टेपची किंमत कळते.

आता स्टिकर. तुमच्या तिसऱ्या फोटोत डावा कोपरा उचकटलाय आणि खाली निळा रंग दिसतोय. म्हणजे स्टिकरखाली आणखी एक स्टिकर आहे. हे जुन्या मशीनमध्ये सर्रास सापडतं. जपानमधल्या मशीन उत्पादकांच्या संघटनेने १९८५ च्या सुमारास ५६ पिनांचा जामा कनेक्टर, म्हणजे खेळाचा बोर्ड मशीनला जोडणारा एकच ठरलेला सॉकेट, ठरवून दिला, तेव्हापासून नवा खेळ आणायला नवं मशीन घ्यायची गरज उरली नाही. खेळाचा जुना सर्किट बोर्ड काढायचा, नवा खोचायचा, पॅनलवर नवं स्टिकर मारायचं. १९९१ मध्ये सहा बटणांचा स्ट्रीट फायटर टू आला तेव्हा तर चांगल्या चांगल्या पॅनलना जादा भोकं पाडली गेली. तुमच्या पॅनलवर दोन भोकं काळ्या टोपणांनी बुजवलेली आहेत, ती बहुधा अशीच आलेली.

म्हणून वरचं स्टिकर ओरबाडू नका. हेअर ड्रायरने एक कोपरा गरम करा, हाताला चटका बसणार नाही इतपतच, आणि स्टिकर वर न ओढता मागे दुमडत, जवळजवळ पॅनलला टेकवत ओढा. विनाइल, म्हणजे मऊ प्लास्टिकचं, असेल तर सलग निघून येतं. खालचं मात्र पॉलिकार्बोनेटचं, म्हणजे कडक प्लास्टिकचं, असू शकतं, नखाने वाजवलं तर टकटक आवाज येतो. त्यात छपाई वरच्या अंगाला नसते, पारदर्शक शीटच्या मागच्या बाजूला असते. घासून रंग जाऊ नये म्हणूनच ती पद्धत. पण जुनं झालं की शीट ठिसूळ होते आणि उचकटताना शीट हातात, रंग मात्र गोंदासकट पत्र्यावर, असा प्रकार होतो. तेव्हा खालचा थर दिसला की आधी थांबा, वरून सरळ फोटो काढा, शेजारी स्टीलची पट्टी ठेवा म्हणजे माप कळेल. हे एकदा निघालं की पुन्हा बघायला मिळणार नाही.

आणि तो निळा थर बऱ्यापैकी शाबूत निघाला तर माझं मत विचाराल तर तोच ठेवा. नवीन काही छापू नका. त्यावर एक ते दीड मिलिमीटरची पारदर्शक पॉलिकार्बोनेट शीट त्याच भोकांच्या मापाने कापून बसवा, बटणांच्या नटांनीच ती घट्ट बसते. अ‍ॅक्रिलिक स्वस्त मिळतं, पण भोकाच्या कडेपासून त्याला तडे जातात, ते घेऊ नका. खाली पडलेले सिगारेटचे डाग तसेच राहू द्या. पार्लरचं मशीन आहे, शोरूमचं नाही.

तो थर गेलेलाच असेल तर मात्र पत्र्यापर्यंत जावं लागेल. उरलेल्या गोंदावर टर्पेंटाइनमध्ये भिजवलेलं फडकं पसरून ठेवा, थोड्या वेळाने गोंद मऊ होतो, मग प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. थिनर वापरायचा तर फक्त उघड्या पत्र्यावर, आणि त्याआधी बटणं, स्टिक, वॉशर सगळं दुसऱ्या खोलीत. थिनरचा एक थेंब बटणावर उडाला तरी चकाकी जाऊन तिथे चिकट डाग राहतो.

तळहाताच्या जागी घामाने पत्रा गंजलेला असतो. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने गंज उडवा, २२० ने सारखं करा. खड्डे किंवा ती जादा भोकं बुजवायची तर मागून पत्र्याचा तुकडा लावून गॅरेजवाल्याकडून लांबी (गाड्यांच्या पत्र्याला भरतात ती पुट्टी) भरून घ्या. इथे एक निर्णय आधीच घ्यावा लागतो. पावडर कोटिंग सगळ्यात टिकाऊ, पण त्यासाठी पत्रा भट्टीत दोनशे अंशांच्या आसपास तापवतात आणि गाड्यांची नेहमीची लांबी तिथे फुगते किंवा सुटते. लांबी भरलीत तर प्रायमर आणि स्प्रे पेंट, लांबी नको असेल तर पावडर कोटिंग. कोटिंगला देताना अर्थची वायर जिथे बोल्टने कसली जाते ती जागा झाकायला सांगा, रंगावर अर्थ लागत नाही.

आपल्याकडच्या काही मशीनला पत्राच नसतो, प्लायवर सनमायका असतो. तुमचं तसं नाही, पण हे वाचणाऱ्या कुणाचं असेल तर एवढंच की झिजलेल्या सनमायकाला पॉलिश पेपर लावू नका. वरचा डिझाइनचा कागद आणि त्यावरचा पारदर्शक थर फार पातळ असतो, त्याखाली नुसता तपकिरी कागद. सुताराकडून पूर्ण तुकडा बदलून घ्यावा.

नवं स्टिकर करायचं तर जुन्याचं स्कॅनिंग ए-फोर स्कॅनरवर तुकड्यातुकड्यात होतं. पण तो स्कॅन तसाच छापायला देऊ नका, ओरखडेसुद्धा छापून येतात. फ्लेक्स आणि रेडियमवाल्यांकडे कोरलड्रॉ येणारा एखादा मुलगा असतोच, त्याच्याकडून सगळं नव्याने ट्रेस करून घ्या. मग साध्या कागदावर मूळ आकारात एक प्रत काढून पत्र्यावर ठेवा. भोकं जुळली तरच विनाइलवर छापायला सांगा. वर लॅमिनेशन मॅट घ्या. ग्लॉसीवर ट्यूबलाइट चमकते आणि घामेजला हात चिकटतो. खरं टिकाऊ काम हवं असेल तर पॉलिकार्बोनेट किंवा पॉलिएस्टरवर मागून स्क्रीन प्रिंटिंग. पुण्याजवळच्या भोसरी-चाकणसारख्या औद्योगिक भागात मशीनच्या पॅनलचे आणि कीपॅडचे स्टिकर करणारे लोक हेच काम रोज करतात. एका नगासाठी ते सहसा तयार होत नाहीत, कारण प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन बनवावी लागते. चारपाच मशीनवाले एकत्र आलात तर विचारून बघा.

चिकटवताना मागचा कागद एकदम पूर्ण काढू नका. एका कडेला बोटभर पट्टी उघडी करा, ती बसवा, मग कागद खालून ओढत जा आणि वरून फडक्यात गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या पट्टीने दाबत जा. भोकं आधी कापायची नसतात. स्टिकर पूर्ण बसल्यावर वरून भोकाच्या मधोमध ब्लेडने फुली मारा, मग पत्र्याच्या कडेला ब्लेड टेकवून फिरवा. कड थोडी फाटली तरी काळजी नको, बटणाची रिंग ती झाकते. स्टिकच्या भोकाला मात्र रिंग नसते, तिथे नवं ब्लेड घ्या.

आता गोळे. हे मला सगळ्यात आवडतं काम, कारण खर्च जवळजवळ शून्य. लाल गोळा पांढुरका होतो तो बारीक ओरखड्यांमुळे. रंग प्लास्टिकच्या अंगातच असतो, वरून दिलेला नसतो. दांडीच्या खालच्या टोकाला स्क्रूड्रायव्हरसाठी खाच आहे का बघा, ती धरून गोळा उलटा फिरवा. खाच नसेल तर दांडीला रबर गुंडाळून पक्कडीने धरा. जपानी स्टिकचे गोळे सहसा ३५ मिलिमीटरचे आणि एम-६ आट्याचे (६ मिलिमीटर बोल्टच्या चुडीचे) असतात, आपल्याकडे बनलेल्यांचा आटा वेगळा असू शकतो, त्यामुळे बोल्ट आधी हाताने फिरवून बघा, जबरदस्ती करू नका. त्याच आट्याचा बोल्ट गोळ्यात घालून तो ड्रिलमध्ये पकडा आणि सगळ्यात कमी वेगाने फिरवा. ओल्या वॉटर पेपरने ८००, मग १२००, मग २०००. आठशेनंतर गोळा आधीपेक्षा वाईट दिसेल, एकजात मॅट आणि गुलाबीसर, पण तेव्हाच कळतं की खोल ओरखडे गेले. दोन हजारानंतर गाड्यांचं रबिंग कंपाउंड मऊ कपड्यावर घेऊन लावा. वेग वाढवू नका, प्लास्टिक तापून कपड्याचे धागे त्यात रुततात. मेटॅलिक किंवा क्रोम दिसणाऱ्या गोळ्यांना हे लागू नाही, त्यांचा रंग वरचाच असतो.

बटणांवर इतका जीव काढू नका. खळगा पडलेल्या बटणाचं डोकं घासलं तर ते पातळ होतं, आणि खरी झीज आतल्या भिंतींची असते, म्हणून ते तिरकं दाबलं की अडकतं. नवी बटणं स्वस्त आहेत. जुनी एका डब्यात मशीनच्या आतच ठेवा. पांढरी बटणं पिवळी पडली असतील तर केसांच्या रंगाबरोबर मिळणारं हायड्रोजन पेरॉक्साइडचं क्रीम लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून उन्हात ठेवली की पुन्हा पांढरी होतात. हातमोजे घाला, मधूनमधून क्रीम पसरवत राहा नाहीतर डाग उठतात, आणि लाल-निळ्या बटणांना हा प्रयोग नको. पिवळेपणा काही वर्षांनी परतही येतो.

परत जोडताना वॉशर नवाच टाका, आणि त्याखाली पॅनल पुसून कोरडं असू द्या. तेल, ग्रीस काही लावू नका, त्यावर धूळ बसते आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. ग्रीसचा बारीक ठिपका फक्त आतल्या पिव्हटला.

उजव्या स्टिकच्या खालच्या बाजूचा एक फोटो टाकता आला तर टाका, दांडीच्या टोकाला ई-क्लिप (खाचेत बसणारी इंग्रजी ‘ई’च्या आकाराची पातळ क्लिप) आहे की नट ते दिसेल असा. पिव्हट सुटं मिळेल की स्टिकच बदलावी लागेल ते त्यावर ठरेल. तोपर्यंत छपाईची ऑर्डर देऊ नका, कारण नव्या स्टिकच्या स्क्रूंची भोकं वेगळ्या जागी आली तर पत्र्यालाच हात लावावा लागेल.