जुरासिक युग, जुरासिक काळ की जुरासिक कल्प?

विचारणा अशी आलीये की सहावीतल्या मुलीने प्रोजेक्टच्या तक्त्यावर "जुरासिक युग" लिहिलं, शाळेत ते खोडून "जुरासिक काळ" करायला सांगितलं, आणि घरी आजोबा म्हणतायत दोन्ही नको, "कल्प" लिही. तर बरोबर काय?

आधी उत्तर देतो. तक्ता असेल, म्हणजे वरखाली बाकीचे कालखंडही मांडले असतील, तर आजोबा बरोबर आहेत, कल्पच लिहा. साध्या लेखात, गोष्टीत किंवा बोलताना "जुरासिक काळ" अगदी चालतं कारण काळ हा मोकळा शब्द आहे, तो पेशवाईलाही लागतो आणि डायनासोरलाही. "युग" मात्र मी टाळीन.

का, तर भूवैज्ञानिकांची मापं डब्यात डबा बसावा तशी एकात एक बसतात. सगळ्यात मोठा इऑन, त्याच्या पोटात एरा, एराच्या पोटात पीरियड, मग एपॉक आणि शेवटी एज. मराठी विश्वकोशात एराला महाकल्प म्हटलंय, पुराजीव महाकल्प, मध्यजीव महाकल्प, नवजीव महाकल्प, आणि त्याच्या आतला पीरियड म्हणजे कल्प. त्याहून लहान एपॉकला युग म्हणतात. जुरासिक हा पीरियड आहे, मध्यजीव महाकल्पातल्या तीन भावंडांपैकी मधला, आधी ट्रायासिक नंतर क्रिटेशस, साधारण २० कोटी वर्षांपूर्वी सुरू होऊन १४.५ कोटींच्या आसपास संपलेला. त्याला युग म्हटलं की तो एकदम एक पायरी खाली घसरतो. इऑनला मात्र मनासारखा मराठी शब्द मला मिळालेला नाही, म्हणून मी इऑनच लिहितो.

आता हे कल्प आणि युग शब्द आपल्या कानावर आधीच आहेत, आणि सगळा घोळही तिथूनच होतो. वडिलांच्या श्राद्धाला रामकुंडावर बसलो होतो तेव्हा गुरुजींनी पळीभर पाणी हातावर सोडायला सांगून संकल्प सुरू केला, श्वेतवाराहकल्पे, वैवस्वतमन्वंतरे, कलियुगे, प्रथमचरणे, मग दंडकारण्ये देशे, गोदावर्याः, असं करत करत शके, महिना, तिथी, वार. लहानपणापासून शंभरदा ऐकलेलं पण त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं की हा तर पत्ता आहे, काळाचा पत्ता, मोठ्याकडून लहानाकडे येणारा. ज्यांनी भूविज्ञानाला हे शब्द दिले त्यांनी क्रम तोच ठेवलाय, आधी कल्प आणि मग त्याच्या आत युग. मला हे फार आवडतं, नवीन शास्त्राला घरातलाच शब्द मिळाला.

पण शब्द घेतला म्हणजे माप घेतलं असं नाही, हे नीट सांगायला हवं. पुराणातला कल्प म्हणजे १००० महायुगं, ४३२ कोटी वर्षं, आणि पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी, मग लोक लगेच दोन्ही आकडे शेजारी ठेवून काहीतरी सिद्ध करायला जातात. तसं काही सिद्ध होत नाही. पुराणातली मापं गणिताने पाडलेली आहेत, कृत त्रेता द्वापर कली हे ४, ३, २, १ या प्रमाणात, ७१ महायुगांचं एक मन्वंतर, सगळं नेमकं. भूविज्ञानातला कल्प गणिताने पाडतच नाहीत, तो दगडात सापडतो. म्हणून लांबी सारखी नसते, सिल्युरियन कल्प जेमतेम २.४ कोटी वर्षांचा आणि क्रिटेशस त्याच्या तिपटीहून मोठा. जिथे दगडातले जीवाश्म बदलले, जुने प्राणी गेले नवे आले, तिथे रेघ. १८४१ मध्ये जॉन फिलिप्स यांनी ते तीन मोठे भाग मांडले तेही जीवाश्मांवरूनच, आणि मराठी नावात तो "जीव" जपलाय, पुराजीव म्हणजे जुने जीव, नवजीव म्हणजे नवे. नुसतं पॅलिओझोइक पाठ करणाऱ्या पोराला हे कळत नाही, पुराजीव म्हटलं की कळतं.

रेघ कुठे मारायची हे आता आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरतं, जगातली एक जागा निवडतात आणि तिथल्या एका थराचा पाया हीच सीमा असं मान्य करतात, त्याला गोल्डन स्पाइक म्हणतात. पहिली अशी जागा १९७२ मध्ये ठरली, तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात क्लोंक इथे, डेव्होनियन कल्पाच्या सुरुवातीसाठी. क्रिटेशस जिथे संपतो ती जागा ट्युनिशियात एल केफला आहे.

दगडात काळ कसा दिसतो हे बघायला नाशिककरांना लांब जायला नको. कसारा घाटात कापलेल्या कड्यांकडे बघा. काळ्या दगडाचा एक जाड थर, त्यावर दुसरा, आणि अशा दोन थरांच्या मध्ये कुठेकुठे लालसर, गेरूसारखा पट्टा, नख लावलं तर भुगा होणारा. काळा थर म्हणजे लाव्हा, येऊन थंड झालेला. लाल पट्टा म्हणजे मधली शांतता, वरचा लाव्हा यायच्या आधी खालच्या दगडाची किंवा त्यावर पडलेल्या राखेची माती व्हायला मिळालेली सवड. दोन लाव्ह्यांच्या मधली सुट्टी तिथे लाल रंगात लिहिलेली आहे. आणि या थरांना भूवैज्ञानिकांनी नावं दिलीत त्यात आपली इगतपुरीही आहे, इगतपुरी फॉर्मेशन, दख्खनच्या घाटमाथ्यावरच्या सगळ्यात खालच्या थरांपैकी एक. हा दगड क्रिटेशस कल्पाच्या अगदी अखेरचा, ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या त्या सीमेच्या जरासा पलीकडचा, म्हणजे आधीचा. महाबळेश्वरचा माथा मात्र सीमेच्या अलीकडचा, म्हणजे नंतरचा. म्हणजे इगतपुरीहून महाबळेश्वरला गेलात तर वाटेत कुठेतरी महाकल्प बदलतो, मध्यजीव संपून नवजीव लागतो.

फॉर्मेशन हे दगडाचं नाव आणि कल्प हे वेळेचं, यांची गल्लत करू नये. इंग्रजीत दगड असेल तर अपर क्रिटेशस म्हणतात आणि वेळ असेल तर लेट क्रिटेशस. मराठीतही वेगळं ठेवता येतं, दगड "वरचा" आणि काळ "उत्तर", जसं आपण उत्तर पेशवाई म्हणतो. "पूर्व" शब्दाला मात्र जपा. कँब्रियन हा पुराजीव महाकल्पातला पहिला कल्प, "पूर्व कँब्रियन" लिहिलं तर वाचणारा त्याचा सुरुवातीचा भाग समजेल, पूर्व मध्ययुगासारखा, आणि लिहिणाऱ्याच्या मनात असतं कँब्रियनच्या आधीचं सगळं. ते "कँब्रियनपूर्व" असंच लिहायचं, शिवपूर्वकाळासारखं पूर्व शेवटी. फरक एका शब्दाच्या जागेचा पण पृथ्वीच्या वयाचा जवळजवळ ८८ टक्के भाग त्यात इकडचा तिकडे होतो.

आणखी एक, "अश्मयुग" या शब्दातलं युग या तक्त्यातलं नाही. ते पुरातत्त्वाचं, माणसाच्या हत्यारांवरून ठरलेलं, आणि ते प्रत्येक प्रदेशात वेगळ्या वेळी संपतं. भूविज्ञानातलं युग जगभर एकाच क्षणी बदलतं. पेपरात येणारं "मानवयुग" मात्र युग म्हणून बरोबर होतं, कारण अँथ्रोपोसीन हा एपॉक म्हणूनच सुचवला होता, फक्त मार्च २०२४ मध्ये तो प्रस्ताव मतदानात फेटाळला गेला. त्यामुळे तक्त्यावर ते लिहू नका.

मुलीला तक्त्याच्या टोकाला "आज" दाखवायचं असेल तर संकल्पासारखाच लिहून देतो: नवजीव महाकल्प, क्वाटर्नरी कल्प, ११,७०० वर्षांपूर्वी सुरू झालेलं होलोसीन युग, आणि त्याच्या आत सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी सुरू झालेला मेघालयन. हा शेवटचा एज, २०१८ मध्ये मान्य झाला, आणि त्याची खूण मेघालयातल्या मॉम्लुह गुहेतल्या एका चुन्याच्या खांबात धरलीये. तिला ते नाव जरा मोठ्या अक्षरात काढू द्या.