वाफसा येऊ दे, मग पळ

प्रश्न : ताई, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली, वय २१, पोलीस भरतीची तयारी करून राहिली. रोज पहाटे साडेचारला उठून ८०० मीटर जोरात चार-पाच वेळा मारते, संध्याकाळी गोळाफेक, रात्री एकपर्यंत पुस्तक, आणि वेचणी सुरू आहे म्हणून दिवसभर आईसोबत कापसात. आधी टाइम ३:२० वरून ३:०२ वर आला, आता पुन्हा ३:१४ होऊन राहिला, नडग्याही दुखतात. सगळे म्हणतात अजून जोर लाव. एक दिवस सुट्टी घेतली तर मले रडू येते, वाटते बाकीच्या पुढं निघून गेल्या. काय करू?

उत्तर : अगं पोरी, तुझी मेहनत कुठंच कमी नाही, ती अंगात मुरायला वेळच मिळून नाही राहिला. जोराचा पाऊस झाल्यावर तुझे बाबा दुसऱ्याच दिवशी डवरा, म्हणजे बैलाचं कोळपं, जुंपतात का? वाफसा यायची, म्हणजे माती मशागतीजोगी सुकायची, वाट पाहतात, कारण काळ्या मातीत ओल्यात डवरा घातला तर ढेकळं होतात, जमीन घट्ट बसते, पऱ्हाटीच्या, कापसाच्या झाडाच्या, मुळाला हवा मिळत नाही. पायाचंही तसंच, जोरात पळालं की स्नायूंना बारीक इजा होते आणि ताकद येते ती नंतर, झोपेत, आरामात, ती इजा भरून येताना. हान्स सेल्ये या डॉक्टरनं १९३६ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांवरून मांडलं होतं की ताण आला की शरीर आधी हादरतं, मग तग धरतं, आणि ताण हटलाच नाही तर थकून बसतं. तू आता त्या तिसऱ्या टप्प्याच्या दाराशी उभी आहेस.

म्हणून आधी दहा दिवस जोरात पळणं बंद, नुसतं चाल. त्यानंतर आठवड्यात दोनच दिवस जोर, त्यात निदान ४८ तासांचं अंतर, मधल्या दिवशी इतकं हळू पळ की सोबतच्या पोरीशी बोलता आलं पाहिजे, आणि एक दिवस काहीच नाही. कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकणं हा आराम नाही हो, ज्या दिवशी वेचणी जास्त त्या दिवशी पळूच नको. सकाळी उठल्याबरोबर अंथरुणातच मिनिटभर नाडी मोजून वहीत लिही, नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त लागले तर तो दिवस हलका ठेव.

रात्री एकपर्यंत जागून साडेचारला उठणं मला सगळ्यात जास्त खटकलं. मैदान ५० मार्कांचं, त्यात ८०० मीटरचे २०, पण लेखी १०० मार्कांची आहे, आणि वाचलेलं डोक्यात पक्कं होतं तेही झोपेतच. दहाला झोप, उरलेला अभ्यास सुट्टीच्या दिवशी कर, म्हणजे तो दिवस वाया गेला असंही वाटणार नाही. पळून आल्यावर फुटाणे-गूळ, शेंगदाणे, दूध, घरात असेल ते लगेच खा.

नडगीवर बोटानं दाबून बघ, एकाच जागी ठणकत असेल किंवा रात्री पडल्यावरही दुखत असेल तर पळणं बंद करून डॉक्टरला दाखव, हाडाला बारीक चीर असू शकते. आणि पोरी सांगत नाहीत म्हणून मीच विचारते, पाळी वेळेवर येते ना? श्रम जास्त आणि खाणं कमी झालं की ती चुकते, तसं असेल तर लपवू नको. प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलीस की हिमोग्लोबिनही तपासून घे.

टाइम आता रोज मोजू नको. एक महिन्यानं, आदल्या दिवशी पूर्ण आराम करून, ताज्या पायानं एकदाच ८०० लाव आणि जो येईल तो मला नक्की लिहून पाठव, मी वाट पाहते.