हालश्टाट: गाव की शहर, आणि तिथे राहतं तरी कोण?

प्रश्न असा होता की ऑस्ट्रियातलं हॉलस्टॅट सगळीकडे "मार्केट टाऊन" म्हणून दिसतं, पण फोटोत तर डोंगराला चिकटलेली थोडीशी घरं आणि एक चर्च, मग हे गाव का शहर, माणसं किती, आणि इतक्या अडचणीच्या जागी मुळात कोणी राहायला गेलंच कशाला. त्यावर दोघातिघांनी "फोटो काढायची जागा आहे, दोन तास पुरे" असं लिहून टाकलंय. मी अकरा वर्षं ऑस्ट्रियातल्याच लिंझ शहरात आहे, पाहुणे आले की तिकडे नेणं हे ठरलेलंच, त्यामुळे मोजणं सोडून दिलं इतक्या वेळा गेलोय. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी उच्चार, स्थानिक लोक हालश्टाट म्हणतात. हॉलस्टॅट म्हटलं तरी कोणी रागावत नाही, पण बसवाल्याला दोनदा सांगावं लागतं.

आता "मार्केट टाऊन". जर्मनमध्ये मार्क्टगेमाइन्ड. ऑस्ट्रियात दोन हजारांहून जास्त नगरपालिका-ग्रामपंचायती आहेत असं समजा, त्यातल्या काहींना श्टाट म्हणजे शहराचा दर्जा, काहींना मार्क्टचा, बाकीच्या साध्या. मार्क्ट म्हणजे जुन्या काळी राजाकडून बाजार भरवायचा हक्क मिळालेलं ठिकाण, आपल्याकडे पेठ वसवायची सनद मिळायची ना, साधारण तोच प्रकार. आज त्या दर्जाने व्यवहारात फारसा फरक पडत नाही, मान म्हणून नावापुढे राहतो. हालश्टाटला हा हक्क 1311 मध्ये मिळाला, राजा पहिला आल्ब्रेख्त याची विधवा राणी एलिझाबेथ हिने दिला. त्यामुळे आकाराने गाव, कागदावर पेठ, शहर मात्र नाही. साडेसातशेच्या आसपास लोकवस्ती आहे, आपल्याकडे एखाद्या मोठ्या सोसायटीत याहून जास्त माणसं राहतात.

पण राणीला तिथेच पेठ का वसवावीशी वाटली? मिठासाठी. हालश्टाटबद्दल कुठलाही प्रश्न विचारा, दोन पायऱ्या खाली उतरलात की मीठ लागतं. आपल्या डोक्यात मीठ म्हटलं की मिठागरं, समुद्राचं पाणी, ऊन. इथे समुद्र शेकडो किलोमीटर लांब आणि मीठ डोंगराच्या पोटात. पंचवीस कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता, तो आटला, मीठ खाली राहिलं, मग आल्प्स वर येताना ते चिखल-जिप्सममध्ये कालवून वर ढकललं गेलं. म्हणून ते पांढरंशुभ्र नसतं, मातकट गुलाबी-करड्या पट्ट्यांचं असतं, खाणीत भिंतीला बोट लावून चाटलं तर आधी माती लागते आणि मग एकदम खारट.

भूगोल बघा म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. अप्पर ऑस्ट्रिया राज्य, ग्मुंडन जिल्हा, झाल्त्सकामरगुट नावाचा तलावांचा प्रदेश. गावासमोरचा तलाव समुद्रसपाटीपासून 508 मीटरवर, सगळ्यात खोल जागी सव्वाशे मीटर खोल, आणि त्यातून ट्राउन नदी वाहते. दक्षिणेला डाखश्टाइनचा चुनखडीचा डोंगर, शिखर 2995 मीटर, पाच मीटरने तीन हजार हुकलेत याची इथल्या लोकांना अजून हळहळ आहे. नगरपालिकेची हद्द साठेक चौरस किलोमीटर, म्हणजे चांगली ऐसपैस, पण बहुतेक सगळा कडा, जंगल आणि पठार. राहायला जागा म्हणजे पाणी आणि डोंगर यांच्यामधली एक चिंचोळी पट्टी, आणि शेजारी वाल्डबाख ओढ्याने गाळ आणून तयार केलेला लाहन नावाचा तुकडा. जुनी वस्ती मार्क्ट, नवी वस्ती लाहन. बस लाहनला थांबते, फोटो मार्क्टचे असतात.

या पट्टीत घरं एकावर एक रचल्यासारखी आहेत. 1890 पर्यंत गावात यायला धड रस्ताच नव्हता, होडीने या नाहीतर पायवाटेने. घराघरांत ये-जा करायला वरची एक वाट होती, ती काही ठिकाणी चक्क लोकांच्या माळ्यातून जायची. तळातला दरवाजा तलावाकडे, वरच्या मजल्याचा डोंगराकडे. पुढे मोटारी वाढल्यावर गावाच्या मधून रस्ता काढण्याऐवजी डोंगरातून बोगदा नेला, म्हणून आजही गाडीने जाणाऱ्याला गाव नीट दिसत नाही, बोगद्यात शिरता आणि बाहेर पडता.

मेल्यावरही जागेची तीच बोंब. कॅथलिक चर्चच्या मागे छोटंसं स्मशान आहे, ते भरलं की नव्याला जागा कुठली. मग दहा-पंधरा वर्षांनी जुनी कबर उघडायची, हाडं काढायची, कवटी धुवून उन्हात वाळवायची आणि अस्थिघरात नेऊन ठेवायची. तिथे बाराशेच्या आसपास कवट्या आहेत, त्यातल्या सहाशेवर रंगवलेल्या. कपाळावर नाव, साल, आणि भोवती पानाफुलांची माळ, कुठे आयव्ही, कुठे ओक, कुठे गुलाब. एका घरातल्या कवट्या शेजारी शेजारी मांडलेल्या असतात, बाप, आई, लेक. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं होतं अंगावर काटा येईल, पण तसं काही झालं नाही, उलट गणपतीच्या दिवसांत जुन्या पाटावर आजीने रंगवलेली वेलबुट्टी असते ना तसं काहीतरी घरगुती वाटलं. शेवटची कवटी 1995 मध्ये ठेवली, ती एका बाईंची, त्यांची तशी इच्छा होती म्हणून. सोन्याचा दात दिसतो. बाहेर पाटी लावून फार माहिती दिलेली नाही, ते बरंच आहे.

आता इतिहास, आणि इथे मी थोडा वाहवत जाणार. 1846 मध्ये खाणीचे अधिकारी योहान गेओर्ग रामसाउअर यांना वरच्या दरीत, म्हणजे झाल्त्सबर्ग या मिठाच्या डोंगरावर, जुन्या कबरी सापडल्या. नुसते दागिने उचलून नेले असते तर कोणी विचारलं नसतं, पण या माणसाने 1863 पर्यंत 980 कबरी उघडल्या आणि प्रत्येकीची नोंद ठेवली, कोणती वस्तू कुठे होती त्याची जलरंगातली चित्रंसुद्धा काढून घेतली. पुरातत्त्व हा विषय तेव्हा धड उभाही राहिला नव्हता. त्या सामानावरून पुढे युरोपातल्या सुरुवातीच्या लोहयुगाला, साधारण इसवीसनपूर्व 800 ते 450, "हालश्टाट संस्कृती" हेच नाव पडलं. साडेसातशे वस्तीच्या गावाचं नाव युरोपभरच्या पाठ्यपुस्तकात जायचं कारण हे. फ्रान्सपासून हंगेरीपर्यंत कुठेही त्या काळाची तलवार सापडली की ती "हालश्टाट".

कबरींत बाल्टिक किनाऱ्याचा अंबर आहे, हस्तिदंत आहे. कड्यावर राहणाऱ्या खाणकामगारांकडे हे कुठून? परत मीठच. मांस टिकवायला मीठ लागतं, आणि ज्याच्याकडे मीठ त्याच्या दारात व्यापारी.

खाणीतलं तर विचारू नका. मिठात काही कुजत नाही, म्हणून तीन हजार वर्षांपूर्वीचं लाकूड, लोकरीचं कापड, चामड्याची पाठीवरची पिशवी, बूट, सगळं जसंच्या तसं. 2003 मध्ये एक लाकडी जिना सापडला, झाडाच्या वर्तुळांवरून त्याचं लाकूड इसवीसनपूर्व चौदाव्या शतकातलं निघालं. पायरीचा कोन जमिनीच्या उताराप्रमाणे बदलता येतो अशी त्याची जोडणी आहे, म्हणजे आजच्या फर्निचरवाल्यांचा सुटे भाग जोडायचा प्रकार तीन हजार वर्षं आधी. लोहयुगातले लोक भिंतीवर दोन वळणदार खाचा मारून मिठाचा पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचा तुकडा फोडायचे, ते बदाम कोरल्याच्या खुणा अजून आहेत. आणि अगदी खरं सांगायचं तर त्यांची विष्ठासुद्धा टिकलीय. 2021 मध्ये तिचा अभ्यास छापून आला, त्यात सत्तावीसशे वर्षांपूर्वीच्या नमुन्यात निळ्या चीजची बुरशी आणि बिअरचं यीस्ट मिळालं. म्हणजे खाणकामगार दिवसभर खणून चीज आणि बिअर घ्यायचे. या बाबतीत ऑस्ट्रियात फारसं काही बदललेलं नाही.

सगळ्यात जुनी खूण म्हणजे हरणाच्या शिंगाची कुदळ, सुमारे सात हजार वर्षांपूर्वीची. "सात हजार वर्षांची खाण" असं जाहिरातीत म्हणतात ते तिच्यावरून. मधेमधे दरडी कोसळून काम शतकानुशतकं बंद पडलेलं आहे, सलग सात हजार नव्हे, हे जाहिरात सांगत नाही. 1734 मध्ये अशाच जुन्या दरडीत मिठाने घट्ट धरलेला एक माणसाचा देह सापडला होता, लोकांना वाटलं हा ख्रिस्ती नसणार, म्हणून स्मशानाच्या एका कोपऱ्यात पुरून टाकला. आज तो असता तर शास्त्रज्ञांनी काय काय सांगितलं असतं, असो.

मध्ययुगात हाब्सबुर्गांनी, म्हणजे ऑस्ट्रियाच्या राजघराण्याने, खाण हातात घेतली, तिच्या रक्षणासाठी 1284 च्या सुमारास वर बुरूज बांधला, रुडोल्फ्सटुर्म, तो अजून उभा आहे आणि आता तिथे जेवायला मिळतं. झाल्त्सकामरगुट या नावातच सगळं आलं, झाल्त्स म्हणजे मीठ आणि कामरगुट म्हणजे राजाच्या खजिन्याची मालमत्ता. डोंगरात पाणी सोडून मीठ विरघळवायचं आणि ते खारं पाणी कढईत उकळायचं, पण उकळायला लाकूड लागतं आणि आसपासचं जंगल पुरेना. मग 1595 ते 1607 या काळात लाकडं पोखरून त्यांची चाळीस किलोमीटर लांब पाइपलाइन एबेनझे गावापर्यंत टाकली, तेरा हजारांच्या आसपास ओंडके लागले. जळण आणण्यापेक्षा पाणीच जळणाकडे नेलं. आजही खारं पाणी एबेनझेलाच जातं आणि त्या जुन्या पाइपच्या कडेने चालायची वाट आहे, गावात गर्दी असेल तेव्हा मी पाहुण्यांना तिकडे पिटाळतो.

धर्माचं थोडक्यात सांगतो. गाव बरंचसं प्रोटेस्टंट झालं होतं, सम्राट कॅथलिक, 1734 मध्ये या भागातल्या शेकडो प्रोटेस्टंटांना ट्रान्सिल्वेनियात, म्हणजे आजच्या रुमानियात, नेऊन टाकलं. 1781 च्या सहिष्णुतेच्या फर्मानानंतर उघडपणे धर्म पाळता आला, आणि पोस्टकार्डावर दिसणारं ते पाण्याकाठचं टोकदार मनोऱ्याचं चर्च 19व्या शतकातलं, प्रोटेस्टंटांचं आहे. जुनं कॅथलिक चर्च वर, जिथे अस्थिघर आहे. मार्क्टमधली घरंही वाटतात तितकी जुनी नाहीत, 1750 मध्ये मोठी आग लागली आणि मधला भाग पुन्हा बांधावा लागला.

आता लोकसंख्या, मूळ प्रश्न. 2001 च्या जनगणनेत साडेनऊशेच्या आसपास होती, म्हणजे वीसेक वर्षांत दोनेकशे माणूस कमी. खाणीला आता पूर्वीसारखी माणसं लागत नाहीत. लाकूडकामाची जुनी नावाजलेली शाळा आहे, तिथे बाहेरून मुलं येतात, शिकतात, जातात. घरं कमी आणि जी आहेत ती पर्यटकांना भाड्याने देण्यात फायदा, मग तरुण जोडपं शेजारच्या ओबरट्राउन नाहीतर गोइझर्न गावात जातं. 1997 ला युनेस्कोच्या यादीत नाव आलं, मग एका कोरियन मालिकेचं शूटिंग झालं, 2012 मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात एका बिल्डरने अख्ख्या गावाची नक्कलच उभी केली, चर्च, चौक, कारंजं सगळं. इथल्या लोकांना ते बऱ्याच उशिरा कळलं, आधी भडकले, मग त्यांच्यातलेच काही उद्घाटनाला गेले. त्यानंतर गर्दीने कहर केला. 2014 मध्ये वर्षाला आठ हजाराच्या आत टूरबस यायच्या, 2018 मध्ये एकोणीस हजारांच्या वर. सीझनमध्ये एखाद्या दिवशी दहा हजार माणसं म्हणजे घरटी किती झाली तुम्हीच करा हिशोब. 2020 पासून टूरबसला आधी स्लॉट घ्यावा लागतो. 2023 मध्ये सेल्फीच्या ठरलेल्या जागेवर लाकडी फळ्या ठोकल्या होत्या, बोंबाबोंब झाल्यावर काढल्या, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रहिवाशांनी निदर्शनंही केली. सकाळी खिडकी उघडली की कोणीतरी ड्रोन घेऊन उभा, तुम्हाला आवडेल का?

म्हणून "दोन तास पुरे" या सल्ल्याशी माझं भांडण आहे. दोन तासवाल्यांमुळेच गावाचे हाल आहेत, आणि त्या दोन तासात दिसतं काय तर दुसऱ्याची सेल्फी-स्टिक. रात्र काढा, नोव्हेंबर चालत असेल तर नोव्हेंबरमध्ये. स्टेशन तलावाच्या पलीकडे आहे, 1877 पासूनची रेल्वेलाइन, गाडीतून उतरलं की समोर लाकडी धक्का आणि छोटी बोट. मागच्या नोव्हेंबरात आई-बाबांना घेऊन गेलो तेव्हा बोटीत आम्ही तिघे, एक शाळकरी पोरगा आणि एक बाई ब्रेडची पिशवी घेऊन. धुकं इतकं की गाव दिसतच नव्हतं, आधी घंटा ऐकू आली आणि मग एकदम छपरं. बाबा म्हणाले, हे तर मुरूडला भरतीच्या वेळी होडीतून किल्ल्याकडे जाताना वाटतं तसं आहे.

जाताना एवढं लक्षात ठेवा की ही बोट गाड्यांच्या वेळेला बांधलेली आहे आणि शेवटची फेरी आपल्या मानाने फार लवकर सुटते. एकदा मी चौकात कॉफी पीत बसलो आणि ती चुकली, मग रात्री ओबरट्राउनपर्यंत तलावाकाठाने मोबाईलच्या उजेडात चालत गेलो, तासभर लागला. साल्झबुर्ग शहराहून येणार असाल तर 150 नंबरची बस बाद इश्लपर्यंत, तिथून ट्रेन. आणि अस्थिघरात फ्लॅश मारू नका प्लीज, ते कोणाचे तरी आजी-आजोबा आहेत आणि त्यांची नातवंडं खालीच राहतात.