एकच लॅपटॉप, दुकानाचा हिशेब आणि शिकायचं प्रोग्रामिंग: विंडोज, लिनक्स की मॅक?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: खानापुरात वडिलांचं दुकान आहे, तुमचं बीसीए झालंय, आणि वेब डेव्हलपमेंट शिकून बेळगावात किंवा पुण्यात नोकरी बघायची आहे. घरात लॅपटॉप एकच. सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क, विंडोज १०. दुकानाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर, टॅली, त्याच्यावरच चालतं. आता विंडोज ११ घालायचं, लिनक्स ही मोफत सिस्टीम घालायची, की पैसे साठवून मॅक घ्यायचा?

सगळ्यात आधी एक सांगतो. आहे ते विंडोज पुसू नका. मी पुसलं होतं.

माझ्या दादाचं उद्यमबागेत लहान वर्कशॉप आहे, कास्टिंगचं मशिनिंग करतात. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो आणि लिनक्सशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. त्याच्या ऑफिसातला पीसी सारखा अडकायचा, म्हणून एका रविवारी डेटाचा बॅकअप घेतला आणि विंडोज काढून उबुंटू हा लिनक्सचाच एक प्रकार घातला. पीसी खरोखर पळायला लागला. सोमवारी सकाळी टेम्पो माल भरून दारात उभा, आणि बिल निघेना, कारण त्यांचं हिशेबाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजचं. ड्रायव्हर दोनदा आत येऊन विचारून गेला. शेवटी वहिनीनं जुनं चलन बुक शोधलं, कार्बन घातला आणि हातानं लिहून दिलं. दादा एक शब्द बोलला नाही. ते मला जास्त लागलं.

टॅलीसुद्धा विंडोजसाठीच बनते. लिनक्सवर वाईन हे मधलं सॉफ्टवेअर वापरून विंडोजचे काही प्रोग्राम चालतात, पण दुकानाचा हिशेब त्या भरवशावर टाकू नये. डिजिटल सहीचं टोकन, बिलाचा प्रिंटर, बारकोडचं यंत्र, यांचे ड्रायव्हर आधी विंडोजसाठी येतात. म्हणजे वडिलांचं काम विंडोजवरच राहूदे.

पण तुमचं शिकणं लिनक्सवर व्हावं असं मला मनापासून वाटतं, आणि त्याला कारण आहे. तुम्ही बनवाल ती वेबसाइट शेवटी जिथं चालणार, तो सर्व्हर बहुतेक वेळा लिनक्सचाच असतो. सुरुवातीला मी इथल्याच एका मिठाईवाल्यांची साइट विंडोजवर बनवली होती. माझ्या लॅपटॉपवर सगळं छान. सर्व्हरवर चढवली आणि पहिल्याच पानावरचा कुंद्याचा फोटो गायब, तिथं नुसती रिकामी चौकट. बेळगावच्या मिठाईच्या दुकानाच्या साइटवर कुंदाच नाही! दोन तास कोड वाचत बसलो. फोटोच्या फाइलचं नाव कॅपिटल 'के'नं सुरू होत होतं आणि कोडमध्ये मी स्मॉल 'के' लिहिला होता, एवढंच. विंडोज ही दोन्ही नावं एकच धरतं, मॅकही मुळात तसंच धरतो, लिनक्सला मात्र त्या दोन वेगळ्या फाइली. फाइलचे परवाने, ओळ संपल्याची खूण, कुठला प्रोग्राम कुठल्या पोर्टवर चाललाय, या गोष्टी रोज लिनक्सवर बसलं की आपोआप अंगवळणी पडतात. डॉकरचे (प्रोग्राम त्याच्या सगळ्या सामानासकट बांधून चालवायचं साधन) बहुतेक कंटेनरही लिनक्सच्या कर्नलवर, म्हणजे गाभ्यावरच चालतात. मुलाखतीत टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) समोर ठेवलं तर हात थांबत नाही.

आता विंडोज ११. तुमच्या लॅपटॉपला ते रीतसर मिळणार नाही. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. आडवाटेनं घालून देणारे भेटतील, पण दुकानाच्या मशीनवर नको. विंडोज १० चा नेहमीचा मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सुरक्षेचे वाढीव अपडेट नोंदणी केल्यावर काही काळ मिळतात, ती नोंदणी झाली आहे का ते बघून घ्या.

विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची डब्ल्यूएसएल ही सोयही चांगली आहे. पण ती साधारण निम्मी रॅम स्वतःकडे ओढू शकते. ८ जीबीमध्ये टॅली, ब्राउझर, कोड एडिटर आणि वर डब्ल्यूएसएल म्हणजे ओढाताण. १६ जीबी असती तर मी तेच सुचवलं असतं, फक्त प्रोजेक्ट सी ड्राइव्हवर न ठेवता लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये ठेवा म्हटलं असतं, नाहीतर फार हळू चालतं.

मॅक मशीन म्हणून उत्तम आहे, २०२० च्या एम-वनपासून तर फारच. आयफोनची ॲप करायची असतील तर त्याला पर्यायच नाही, कारण ती बनवायचं एक्सकोड हे सॉफ्टवेअर फक्त मॅकवर चालतं. तुम्हाला वेब करायचंय. ते पैसे आत्ता नकोत.

मी तुमच्या जागी असतो तर एक एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा खूप वेगवान डिस्क, घेतली असती. त्या काळातल्या बऱ्याच लॅपटॉपना डीव्हीडी ड्राइव्ह असतो. तो काढून त्या जागी कॅडी, म्हणजे डिस्क बसवायची चौकट, बसते. विंडोजची हार्ड डिस्क कॅडीत, नवी एसएसडी मुख्य जागी, आणि तिच्यावर लिनक्स मिंट हा लिनक्सचा सोपा प्रकार. घालताना हार्ड डिस्क काढूनच ठेवा, म्हणजे चुकून वडिलांच्या डेटाला हात लागणार नाही. मग सुरू करताना कुठून चालू व्हायचं ते निवडायचं. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, आणि अपडेट कधी उतरवायचे ते तुम्ही ठरवता. जुलैत खानापूरचा पाऊस, लाइट गेलेली, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उरलेला थोडा डेटा, अशा वेळी याची किंमत कळते. पैसे उरले तर आधी रॅम वाढवा.

आपल्या भागासाठी आणखी एक. इथं मराठीही टाइप करावं लागतं आणि ऑफिसातल्या अर्जाला कन्नडही. श्रीलिपी किंवा नुडी या टायपिंग सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टातल्या फाइली असतील तर त्या विंडोजवरच उघडा, कारण तो फॉन्ट नसला की नुसती अगम्य अक्षरं दिसतात. नवीन सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या अक्षरांत लिहा आणि इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांची कीबोर्डची मांडणी, शिका. विंडोज आणि लिनक्स दोन्हीत ते आहेच. त्यात मराठी 'क' ज्या कळीवर, कन्नड 'क'ही त्याच कळीवर. एकदा बोटं बसली की दोन्ही भाषा लिहिता येतात. मला तरी याचा रोज उपयोग होतो.

विकत काही घ्यायच्या आधी टॅलीचा बॅकअप दोन पेनड्राइव्हवर घ्या. मग तिसऱ्या पेनड्राइव्हवर मिंट टाकून लॅपटॉप त्याच्यावरून चालू करा. काहीही न पुसता ते तसंच चालतं. वायफाय, आवाज, कीबोर्डवरच्या ब्राइटनेसच्या कळा आणि घरचा प्रिंटर तपासा. वायफाय दिसलं नाही तर लॅपटॉपचा मॉडेल नंबर कळवा, बघूया की.