पाठ झालेला शब्द वाक्यात का अडतो?

प्रश्न : स्पर्धा परीक्षेसाठी रोज ३० अवघड इंग्रजी शब्द युक्त्या जोडून पाठ करते. आठवड्यात निम्मे विसरते, उरलेले वाक्यात चुकतात. काय करू?

उत्तर : आधी ३० वरून १० वर या. युक्तीला दोन दुवे लागतात : उच्चाराशी जुळणारा ओळखीचा शब्द आणि त्याला अर्थाशी बांधणारं चित्र. ‘अबेट’ म्हणजे ओसरणं. पूर ओसरतोय, पाण्यातून बेट वर येतंय, असं डोळ्यांसमोर आणा. नुसतं यमक जुळवलं की आवाज आठवतो, अर्थ निसटतो. रशियन शब्दांवर ही पद्धत अ‍ॅटकिन्सन आणि रॉ या संशोधकांनी १९७५ मध्ये मांडली, ती खरोखर उपयोगी आहे.

पण चित्रातून शब्दाची संगत कळत नाही. वादळ, वेदना, राग ‘अबेट’ होतात. माणूस होत नाही. म्हणून प्रत्येक शब्दाचं कार्ड करा आणि त्यामागे अर्थासोबत पूर्ण वाक्य लिहाच. ‘इन्जीनियस’ म्हणजे कल्पक, ‘इन्जेन्युअस’ म्हणजे निष्कपट. अशा जोड्या एकाच दिवशी घेतल्या तर हमखास गोंधळ होतो. ‘लोक्वेशियस’ (बडबड्या), ‘एलोक्वेंट’ (वक्तृत्वपूर्ण), ‘कलोक्वियल’ (बोलीभाषेतलं) यांना तर युक्ती नकोच, तिन्हींत बोलण्याचा लॅटिन धातू आहे.

उजळणी त्याच रात्री, मग तिसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी. अर्थ झाकूनच.